राजीनामा सगळ्यात शेवटी: मनासारख्या कामाकडे वळताना पायऱ्यांचा क्रम

एप्रिलमध्ये अप्रेझलची पत्रं हातात पडली की माझा फोन वाजायला लागतो. जुन्या ऑफिसमधलं कोणीतरी असतं, नाहीतर त्यांच्या ओळखीचं, कधी आमच्या शाळेतले पालक. "मॅडम, तुम्ही आयटी सोडून शिक्षिका झालात ना? मलाही काहीतरी मनापासूनचं करायचंय. सोडू का नोकरी?" आणि जरा खोदून विचारलं की कळतं, बऱ्याच जणांनी राजीनामा आदल्याच आठवड्यात टाकलेला आहे.

२००५ ते २०१६ अशी अकरा वर्षं मी हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं. आता सातवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवते. मधे तीन वर्षं गेली. त्यातली दोन बीएडची, ती जाणारच होती. उरलेलं एक निव्वळ क्रम चुकल्यामुळे गेलं. एका भयंकर मीटिंगनंतर मी एप्रिलात राजीनामा दिला, आणि त्यानंतर वेबसाइट उघडली तेव्हा बीएडच्या प्रवेश परीक्षेच्या, म्हणजे सीईटीच्या, अर्जाची मुदत उलटून गेलेली. वर्षभर घरी बसून भाजी निवडली.

म्हणून हा लेख क्रमावर आहे. नोकरी चालू असतानाचे नऊ ते बारा महिने या सगळ्यासाठी धरा.

## १. दुखतंय नेमकं कुठे, ते आधी शोधा

वेळ: दोन ते तीन आठवडे. साहित्य: खिशात मावेल अशी वही.

दर दोन तासांनी एक ओळ लिहायची. त्या दोन तासांत हाताने, तोंडाने, डोक्याने काय केलं ते क्रियापदात: समजावलं, तपासलं, वाट पाहिली, भांडले, आकडे जुळवले, मेल लिहिली. पुढे खूण करायची. अंगात हुशारी आली तर अधिक, जीव दमला तर उणे, काहीच वाटलं नाही तर शून्य. रात्री आठवून लिहू नका. रात्री सगळाच दिवस उणे वाटतो.

दोन आठवड्यांनी उण्यांचे तीन ढीग करा:

- माणसांमुळे आलेले: साहेब, क्लायंट, टीम.
- जागेमुळे आलेले: प्रवास, शिफ्ट, रात्रीचे कॉल.
- कामामुळे आलेले: प्रत्यक्ष जे करायचं तेच नकोसं.

पहिले दोन ढीग मोठे असतील तर तुम्हाला करिअर बदलायची गरज नाही. कंपनी बदला, टीम बदला, घर बदला. वाकडच्या पुलावर रोज अडीच तास घालवणाऱ्या माणसाला कुठलंही काम निरर्थक वाटेल. तिसरा ढीग मोठा असेल, तरच पुढे वाचा.

उण्यांपेक्षा अधिकांकडे जास्त बारकाईने बघा. मला तेव्हा बेकरी काढायची होती. वहीत मात्र 'नव्या मुलीला टेस्ट केस समजावली' याच्यापुढे अधिक, 'जॉइन झालेल्यांचं ट्रेनिंग घेतलं' याच्यापुढे दोन अधिक, आणि रविवारी केलेल्या केकपुढे शून्य. तो शून्य मी आठवडाभर मान्य केला नाही.

तपासणी: वहीत किमान ८० ओळी आहेत का? त्याहून कमी असतील तर आणखी एक आठवडा लिहा. महिनाअखेरचे किंवा रिलीजचे दिवस त्यात आलेच पाहिजेत.

## २. कामाचं नाव नको, कामाचा दिवस लिहा

"मला शेती करायचीय", "मला समुपदेशक व्हायचंय", "मला सामाजिक काम करायचंय". ही सगळी नावं झाली. समाधान मिळतं किंवा हरवतं ते तासांमध्ये. तेव्हा हव्या असलेल्या कामाचा साधा मंगळवार सकाळी उठल्यापासून लिहून काढा. ऑगस्टमधला लिहा आणि मार्चमधला लिहा, कारण बहुतेक कामांना हंगाम असतो.

माझ्याच कामाचं सांगते. शिक्षिकेच्या दिवसात शिकवण्याचे तास चार-पाच. बाकी वेळ वह्या तपासणं, गुणतक्ते भरणं, पालकांचे फोन, ऑफ तासाला दुसऱ्याच्या वर्गावर जाणं, गॅदरिंगच्या आधी मुलांना रांगेत उभं करणं. गृहउद्योगाचा केक म्हणजे क्रीमचा गुलाब थोडा आणि खरकटी भांडी, खोके, डिलिव्हरीचे फोन, 'ताई, थोडं कमी करा ना' हे बरंच. भाजीपाला पिकवणाऱ्याचा दिवस बांधावरच्या सूर्योदयाचा नसतो. माल घेऊन गुलटेकडीच्या मार्केट यार्डात अंधारात पोचण्याचा असतो. सामाजिक संस्थेत निम्मा वेळ अहवाल आणि देणगीदारांना द्यायच्या हिशेबात जातो.

आता पहिल्या पायरीतली क्रियापदं या मंगळवारावर ठेवून बघा. तुमची 'अधिक' क्रियापदं दिवसात किती तास येतात? दोन तासांहून कमी येत असतील तर नाव कितीही गोड असो, ते काम तुमचं नव्हे.

नेहमीची चूक: छंदालाच पोटाचं काम समजणं. गाणं ऐकून मन हलकं होतं म्हणजे गाण्याचे क्लास चालवून होईलच असं नाही. एखादा छंद छंदच राहू देण्यात शहाणपण असतं.

## ३. तिघांना भेटा, आणि तिघं वेगवेगळे हवेत

एक, त्या कामात पाचेक वर्षं असलेला. दुसरा, ते काम सोडून गेलेला. तिसरा, त्या कामावर माणसं नेमणारा: मुख्याध्यापक, संस्थेचा समन्वयक, दुकानाचा मालक. लोक फक्त पहिल्याला भेटतात, तोही नेमका व्याख्यानं देणारा असतो. सोडून गेलेला शोधायला कठीण, पण सगळ्यात उपयोगाचा तोच.

"कसं वाटतं?" असं विचारलंत की "छान वाटतं" असंच उत्तर येणार. हे विचारा:

- परवाच्या मंगळवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय केलंत?
- पहिल्या वर्षी हातात दरमहा किती येत होते? आता किती?
- वर्षातले कुठले दोन महिने वाईट जातात?
- माझ्या वयाच्या नवख्याला तुम्ही घ्याल का? नसेल तर का नाही?

शेवटचा प्रश्न तिसऱ्या माणसासाठी, आणि तो विचारायची लाज बाळगू नका. मला एका मुख्याध्यापक बाईंनी तोंडावर सांगितलं होतं, "तुम्ही सहा महिन्यांत परत जाल, म्हणून मी घेणार नाही." ते ऐकून मी दोन दिवस धुमसत होते. मग कळलं की हाच प्रश्न प्रत्येक मुलाखतीत येणार आहे. त्याचं उत्तर तोंडी असून भागणार नव्हतं, पुरावा हवा होता. तो पुढच्या पायरीत मिळतो.

## ४. चाळीस तास, आणि तेही कंटाळवाण्या भागाचे

सगळ्यात जास्त वगळली जाते ती ही पायरी.

शनिवार-रविवार धरून त्या कामाचे चाळीस तास प्रत्यक्ष करा. आठ शनिवार, पाच-पाच तास. अट एवढीच की निम्मे तास त्यातल्या रटाळ भागाचे हवेत. शिक्षक व्हायचंय तर रात्रशाळेत, वस्तीतल्या अभ्यासिकेत शिकवा आणि चाळीस वह्या तपासूनही द्या. संस्थेत जायचंय तर शिबिरात फोटोपुरतं उभं न राहता त्यांची नोंदवही संगणकावर चढवून द्या. डबे करायचेत तर गणपतीच्या आठवड्यात शेजारणींकडून पैसे घेऊन ऑर्डरी पूर्ण करा, आणि गॅस, तूप, स्वतःचे तास सगळं लिहून नफा काढा. शेती करायचीय तर नातेवाइकांच्या शेतावर पेरणीला जा, मग निंदणीलाही जा. हुर्डा पार्टी यात धरायची नाही.

माझे बाबा २०१६ मध्येच म्हणाले होते, "अगं, पोरांना शिकवायचंय तर आधी संध्याकाळी दोन पोरं घे घरात. नोकरी सोडणं कुठे पळून जातंय?" मला तो पळपुटा सल्ला वाटला. वर्ष वाया गेल्यावर तेच केलं: पालिकेच्या शाळेतली सहावीतली चार मुलं संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. अपूर्णांक. तिसऱ्या आठवड्यात एक मुलगा म्हणाला, "टीचर, म्हणजे पोळीचे तुकडे लहान होतात तेव्हा खालचा आकडा मोठा होतो!" त्या संध्याकाळच्या ओळीपुढे माझ्या वहीत अधिकच्या चार खुणा आहेत. पण खरी खात्री त्याने पटली नाही. त्याच मुलाची तीच चूक पुढच्या आठवड्यात पाचव्यांदा दुरुस्त करताना मला राग आला नाही, तेव्हा पटली.

सावध: नोकरीत असताना दुसरीकडून पैसे घेण्याआधी नेमणूकपत्र वाचा. बहुतेक आयटी कंपन्यांच्या पत्रात दुसरं काम न करण्याची अट असते. २०२२ मध्ये विप्रोने प्रतिस्पर्ध्यांचं काम करणाऱ्या ३०० जणांना काढलं, ती बातमी आठवत असेल. तुमचं काम त्या प्रकारचं नसलं तरी एक तर विनामोबदला करा किंवा लेखी परवानगी घ्या.

तपासणी: चाळीस तासांनंतर रटाळ तासांपुढे शून्य आहे की उणे? शून्य चालेल, प्रत्येक कामात शून्याचे तास असतात. सलग उणे असतील तर थांबा आणि दुसऱ्या पायरीवर परत जा. त्यात कमीपणा नाही. आठ शनिवारांत सुटलात.

## ५. दाराला कुलूप आहे का, ते बघा

आवड आहे, जमतंय, माणसं भेटली. आता कायदा. इथे शिकलेली माणसंही ऐकीव माहितीवर उड्या मारतात.

शिक्षक व्हायचं असेल तर. बीएड २०१५ पासून दोन वर्षांचं आहे. नोकरी सांभाळून पत्राद्वारे बीएड करू, असं फोनवर बरेच जण सांगतात. मुक्त विद्यापीठांचं दूरस्थ बीएड हे आधीच प्रशिक्षण घेतलेल्या प्राथमिक शिक्षकांसाठी असतं, आयटीतून येणाऱ्यासाठी नाही. म्हणजे दोन वर्षं नियमित कॉलेज, हजेरीसकट. प्रवेशाला पदवीला ५० टक्के गुण लागतात, इंजिनिअरिंगवाल्यांना ५५. राज्यातले प्रवेश सीईटीतून होतात. तेव्हा राजीनाम्याच्या तारखेआधी सीईटीच्या अर्जाची तारीख शोधा. (हे मी कोणत्या तोंडाने सांगतेय ते वर आलंच आहे.) लहान मुलांना शिकवायची ओढ असेल तर आणखी एक गोष्ट: सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बीएड चालत नाही, डीएलएड ही प्राथमिक शिक्षणाची पदविका लागते. आठवीपर्यंतच्या नेमणुकीला टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षाही हवी. सरकारी आणि अनुदानित शाळांची भरती अभियोग्यता चाचणी आणि 'पवित्र' या सरकारी पोर्टलमार्फत होते, आणि तिचा भरवसा धरून घराचे हप्ते ठरवू नयेत. खाजगी शाळा मुलाखत घेतात आणि वर्गावर एक पाठ घ्यायला लावतात.

शेती करायची असेल तर. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन विकत घेता येत नाही. १९४८ च्या कुळकायद्याची ती अट आहे आणि घ्यायचीच तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. तेव्हा आधी गावच्या सातबाऱ्यावर तुमचं किंवा वडिलांचं नाव आहे का ते काढा. वारसनोंद राहिली असेल तर तलाठ्याकडे ती करून घेणं हेच तुमचं पहिलं काम. 'फार्महाउस प्लॉट' म्हणून गुंठ्यांत विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. सात-आठ जणांच्या नावावर सामायिक सातबारा निघतो आणि मग कोणाला स्वतंत्रपणे काहीच करता येत नाही.

समुपदेशन करायचं असेल तर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेच्या प्रमाणपत्रावर पाटी लावणं तुमच्यासाठी धोक्याचं, आणि समोर येऊन बसणाऱ्यासाठी त्याहून जास्त. मानसशास्त्राची पदवी नसेल तर एमएपासून सुरुवात, म्हणजे हिशेबात दोन वर्षं वाढवा.

खाद्यपदार्थ विकायचे असतील तर. घरातून विकलेत तरी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. ती ऑनलाइन होते. उद्योग म्हणून 'उद्यम' नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट आहे. 'करून देतो' म्हणत हजार-दोन हजार मागणाऱ्याला नमस्कार करा.

### पूर्ण उडी लागतेच का?

काम आणि क्षेत्र या दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या की तुम्ही पूर्ण नवखे होता आणि पगारही नवख्याचा मिळतो. एकच बदललं तर अनुभव बरोबर येतो. जमाखर्च पाहणाऱ्याने संस्थेचा जमाखर्च पाहावा. ग्रामीण संस्थांना असा माणूस लवकर मिळत नाही. प्रोग्रॅमरला शैक्षणिक संस्थेत डेटाचं काम मिळतं. वर्षभर आत राहिल्यावर, काम बदलायचंय की क्षेत्र बदलल्यानेच समाधान झालं, ते आपोआप कळतं. तरुणांसाठी अशी मधली दारं आणखी आहेत: टीच फॉर इंडियाची दोन वर्षांची पूर्णवेळ फेलोशिप मानधनासह असते आणि पुणे-मुंबईतल्या शाळांत काम मिळतं, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या गडचिरोलीच्या 'सर्च' या संस्थेतला 'निर्माण' उपक्रम २००६ पासून तरुणांची शिबिरं घेतो. चाळिशीतल्यांना मात्र एकच गोष्ट बदलण्याचा मार्गच बहुधा परवडतो.

## ६. पैशाचा कागद

एका कागदावर, नवरा-बायको दोघांनी समोरासमोर बसून. एक्सेल नंतर.

आधी महिन्याचा खरा खर्च. अंदाजे नको, मागच्या बारा महिन्यांचे बँकेचे उतारे काढून. वर्षातून एकदा येणारे खर्च (शाळेची फी, विमा, गाडीची सर्व्हिसिंग, दिवाळी, लग्नातले आहेर) बाराने भागून त्यात घालायचे. असा एक कागद समजा:

- घराचा हप्ता: ३१,०००
- किराणा, वीज, पेट्रोल, कामवाल्या ताई: २८,०००
- मुलांची फी: ९,०००
- आई-वडिलांना: ६,०००
- विम्याचे हप्ते: ४,०००
- किरकोळ: ७,०००

एकूण ८५,०००. जोडीदाराचे हातात येणारे ५८,००० धरले तर दरमहा २७,००० कमी पडतात. बीएडची दोन वर्षं आणि नोकरी मिळेपर्यंतचं एक, असे ३६ महिने धरा: ९ लाख ७२ हजार. कॉलेजची फी वेगळी. ही रक्कम मुदतठेवीत किंवा तितक्याच सुरक्षित जागी, मोडता येईल अशी, राजीनाम्याआधी असली पाहिजे. शेअर आणि सोनं यात धरू नका. आकडा पाहून छातीत धस्स झालं तर कागदाने त्याचं काम चोख केलं म्हणायचं.

मग तीन महिन्यांची तालीम. पगार आला की नव्या कामातून जेवढे मिळणार आहेत तेवढेच ठेवायचे, बाकी त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात. माझा पगार शेवटी चोवीस हजारांवर येणार होता. तालमीच्या दुसऱ्या महिन्यात नणंदेकडचं बारसं आलं आणि पहिल्यांदाच आमचं आहेरावरून भांडण झालं. बरं झालं, तेव्हा झालं.

नोकरीबरोबर जाणाऱ्या आणि सहज विसरल्या जाणाऱ्या गोष्टी:

आरोग्य विमा. कंपनीचा गट विमा शेवटच्या दिवशी संपतो, त्यातले सासू-सासरेही उघडे पडतात. नव्या पॉलिसीत आजारपणाच्या दाव्याला साधारण पहिले तीस दिवस, ठरावीक शस्त्रक्रियांना दोनेक वर्षं आणि आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच काढा, किंवा त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज सोडण्याआधी करा, म्हणजे आधीची वर्षं मोजली जातात. मधुमेह, रक्तदाब लपवू नका. दावा तिथेच अडकतो.

ग्रॅच्युइटी. नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम, कायम नोकरीत सलग पाच वर्षं झाली की मिळते. चार वर्षं सात महिन्यांवर सोडणारे मी पाहिलेत. पाच महिने कळ काढायची होती. हिशेब असा: शेवटचा मूळ पगार गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. मूळ पगार ५०,००० आणि ११ वर्षं म्हणजे सुमारे ३ लाख १७ हजार.

पीएफ. तो 'सुरुवातीचं भांडवल' म्हणून काढू नका. पाच वर्षांच्या आत काढला तर करही लागतो. पेन्शनच्या भागात दहा वर्षं भरत नसतील तर पैसे काढण्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट घ्या. पुढे पुन्हा पीएफ असलेल्या नोकरीत गेलात तर ती वर्षं जोडली जातात.

कर्ज. पगाराची स्लिप गेली की बँक तुम्हाला ओळखत नाही. स्वतःचा व्यवसाय असेल तर दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागतात. घर बदलायचं, कर्ज दुसऱ्या बँकेत न्यायचं असेल तर आधी उरका. आणि या सुमारास नवी गाडी घेऊ नका, कृपा करून.

तपासणी: तालमीचे तीन महिने दुसऱ्या खात्याला हात न लावता गेले का? लागला असेल तर खर्चाचा आकडा वाढवा आणि पुन्हा तीन महिने.

## ७. घरी सांगणं

पैशाचा कागद झाल्यावर, आणि चाळीस तास झाल्यावर. त्याआधी सांगितलंत की ती चर्चा तुमच्या मनःस्थितीची होते. "कंटाळा आलाय का? महाबळेश्वरला जाऊन या चार दिवस."

जोडीदार या निर्णयात भागीदार असतो, त्याला नुसती बातमी द्यायची नसते. त्याच्याकडून तीन गोष्टी स्पष्ट घ्या: किती महिने तो एकट्याच्या पगारावर घर चालवायला तयार आहे, कुठला खर्च अजिबात कमी करणार नाही, आणि किती शिल्लक उरली की आपण परतीचा विचार करू. तिन्ही उत्तरं त्याच कागदाच्या मागे लिहा. आमच्या कागदावर तिसरं उत्तर 'दोन लाख' होतं.

मोठ्यांना परवानगी मागू नका आणि धक्काही देऊ नका. माझ्या सासूबाईंना खर्चापेक्षा वेगळीच काळजी होती. "लोकांना काय सांगायचं, सुनेला काढलं म्हणून?" त्यांना मी एक वाक्य तयार करून दिलं: "ती बीएड करतेय, शाळेत लागणार आहे." ते वाक्य त्यांनी भिशीत, देवळात, लग्नात इतक्यांदा वापरलं की पुढे त्याच अभिमानाने सांगायला लागल्या. घरातल्यांना बाहेर सांगण्यासाठी एक सोपं वाक्य द्यावं. 'मी स्वतःला शोधतेय' हे ते वाक्य नव्हे.

## ८. राजीनामा

आता. त्यातही क्रम आहे:

1. पुढच्या दाराचा कागद हातात: प्रवेशपत्र, नेमणूकपत्र, किंवा पहिल्या तीन ग्राहकांची पक्की मागणी.
2. स्वतःची आरोग्य पॉलिसी सुरू झालेली.
3. बोनस, ग्रॅच्युइटी, शेअर मिळण्याच्या तारखा तपासलेल्या. जॉइनिंग बोनस परत करण्याची अट आहे का, तेही.
4. नोटीस पिरियड उलटा मोजलेला. आयटीत तो बहुधा ९० दिवसांचा असतो. कॉलेज ऑगस्टात सुरू होणार असेल तर पत्र एप्रिल-मेमध्येच जायला हवं.
5. आधी साहेबांना तोंडी, त्याच दिवशी मेल.

पत्र चार ओळींचं. तक्रारी लिहू नका, अकरा वर्षांचा हिशेब मांडू नका. 'शिक्षण क्षेत्रात जात आहे' एवढं पुरे. पगार वाढवून देतो म्हणतील. तेव्हा पहिल्या पायरीतली वही उघडायची: उणे पगारामुळे होते का?

शेवटच्या आठवड्यात ऑफिसचा मेल बंद होण्याआधी: पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, विम्याची कागदपत्रं स्वतःच्या मेलवर. कंपनीच्या कामाच्या फायली मात्र नाहीत, एकही नाही. बँक, आधार, पीएफच्या यूएएन क्रमांकाला स्वतःचा मोबाइल आणि मेल जोडलेला आहे ना ते बघा. रिलिव्हिंग लेटर आणि अनुभवपत्र मूळ प्रतीत घ्या. पीएफच्या खात्यावर नोकरी सोडल्याची तारीख चढली का ते दोनेक महिन्यांनी तपासा. ती नसली की पुढचं सगळं अडतं. आणि पगाराचं खातं: पगार थांबला की बँक ते साधं बचत खातं करते, मग किमान शिल्लक नाही म्हणून दंड कापला जाऊ शकतो. मला हे ४७२ रुपये गेल्यावर कळलं.

## ९. पहिले सहा महिने

पहिला महिना सुट्टीसारखा जातो. तिसरा वाईट असतो. कार्ड नाही, पदनाम नाही, आणि चोवीस वर्षांची कोणीतरी तुम्हाला फळ्यावर तारीख कुठे लिहायची ते शिकवते. बीएडच्या वर्गात मी पस्तिशीची होते. पहिल्या सराव पाठाला आठवीच्या वर्गाने मला जी वागणूक दिली ती कुठल्या क्लायंटने दिली नव्हती. या काळात परत जायचा निर्णय घेऊ नका, आणि 'आयुष्यातला सर्वोत्तम निर्णय' असं लिंक्डइनवर टाकूही नका. दोन्हीचा हिशेब नंतर द्यावा लागतो.

उत्पन्न व्यवसायातून असेल तर आलेल्या प्रत्येक रकमेतला कराचा वाटा त्याच दिवशी वेगळा ठेवा. आता कोणी पगारातून कापून घेत नाही, आणि आगाऊ कराच्या तारखा तिमाहीला येतात. सेवा देत असाल तर वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते.

जुन्या ओळखी ठेवा. वर्षातून दोनदा फोन पुरतो. माझी बीएडची फी जुन्या टीमच्या नवख्यांना दिलेल्या ट्रेनिंगमधून निघाली, त्यासाठी वेगळं काही मागावं लागलं नाही.

सहाव्या महिन्यात तीच वही पुन्हा काढा आणि दोन आठवडे दर दोन तासांनी लिहा. जुनी पानं बघायची नाहीत; लिहून झाल्यावर शेजारी ठेवून मोजायची. अधिक वाढले का, आणि उणे आता कुठल्या ढिगात आहेत? बाराव्या महिन्यात पुन्हा तेच, आणि सोबत बँकेची शिल्लक. कागदाच्या मागे लिहिलेल्या आकड्याला ती टेकली असेल तर जोडीदारासमोर बसून परतीचं बोला, ठरल्याप्रमाणे.

माझ्या दुसऱ्या मोजणीत उणे कमी झाले नव्हते, जवळपास तेवढेच होते. फक्त क्रियापदं बदलली होती: गुणतक्ते भरले, रांग लावली, खडू शोधला.